तार ग्रामपंचायतीपर्यंत आली, वस्तीचे काय?

केंद्र सरकारच्या भारतनेट योजनेच्या कागदपत्रांत एक शब्दप्रयोग वारंवार येतो : 'सेवेसाठी सज्ज'. २०२५ च्या सरकारी आकड्यांप्रमाणे देशातील २ लाख १४ हजारांहून अधिक ग्रामपंचायती अशा सज्ज झालेल्या आहेत. आकडा मोठा आहे. परंतु वकिली करणाऱ्या माणसाला शब्द तपासून घेण्याची सवय असते. सज्ज म्हणजे सुरू नव्हे. तालुक्यावरून फायबरची तार ग्रामपंचायतीच्या कार्यालयात आली, भिंतीवर पेटी बसली, की ती ग्रामपंचायत सज्ज झाली. त्या पेटीला वीज मिळते काय, कार्यालयाच्या कुलपाची किल्ली कोणाकडे असते, आणि गावाच्या कडेला असलेल्या आपल्या वस्तीतल्या पोराला त्या तारेचा काही उपयोग होतो काय, यापैकी एकही प्रश्न त्या शब्दात बसत नाही.

या योजनेचा इतिहास आश्वासनांचा इतिहास आहे. २५ ऑक्टोबर २०११ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने सुमारे २० हजार कोटी रुपयांच्या राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर जाळ्याला मंजुरी दिली. अडीच लाख ग्रामपंचायती दोन वर्षांत जोडायच्या होत्या. सरकार बदलले, २०१५ मध्ये योजनेचे नाव भारतनेट झाले, आणि पहिल्या टप्प्याच्या एक लाख ग्रामपंचायती पुऱ्या व्हायला डिसेंबर २०१७ उजाडला. २०१८ च्या राष्ट्रीय डिजिटल दळणवळण धोरणाने प्रत्येक नागरिकाला २०२२ पर्यंत ५० एमबीपीएस वेग देण्याचे ठरविले. १५ ऑगस्ट २०२० रोजी लाल किल्ल्यावरून एक हजार दिवसांत सहा लाख गावांना फायबर देण्याची घोषणा झाली. ते हजार दिवस मे २०२३ मध्ये संपले. त्यानंतर तीनच महिन्यांनी, ४ ऑगस्ट २०२३ रोजी, १ लाख ३९ हजार ५७९ कोटी रुपयांचा सुधारित भारतनेट कार्यक्रम मंजूर झाला. म्हणजे काम राहिले होते हे सरकारनेच मान्य केले.

काम का राहिले, हेही समजून घेतले पाहिजे. पहिल्या टप्प्यात तालुक्यावरून निघालेली तार एकेरी मार्गाने गावात नेली. रस्ता रुंद करायला किंवा पाण्याची पाईपलाईन टाकायला कोणी खड्डा खणला की तार तुटते आणि पुढची सगळी गावे अंधारात जातात. तार टाकण्याचे कंत्राट देणे सोपे असते, ती दहा वर्षे सांभाळण्याची जबाबदारी घ्यायला मात्र कोणी पुढे येत नाही. आता नव्या कार्यक्रमात गावे वर्तुळाकार जोडण्याची, म्हणजे एक बाजू तुटली तर दुसरीकडून सेवा चालू ठेवण्याची, आणि दीड कोटी ग्रामीण घरांत फायबर नेण्याची तरतूद केली आहे. ती योग्यच आहे. घरापर्यंत तार नेण्याचे काम स्थानिक उद्यमींकडे सोपवले आहे. हा उद्यमी कोण असतो? ज्याच्या हाती भांडवल आहे आणि पंचायतीत ज्याची ऊठबस आहे तो. तो आधी बाजारपेठेत जाईल, मग वाड्यांवर जाईल. वस्तीत चार जोडण्यांसाठी खांब रोवायला तो आपण होऊन येईल, असे गृहीत धरण्याचे कारण आम्हांस दिसत नाही.

आणि हा पैसा कोणाचा आहे? दूरसंचार कंपन्यांच्या महसुलातील पाच टक्के रक्कम याच कारणासाठी बाजूला काढली जाते. २००३ च्या दुरुस्तीने तिला कायद्याचा आधार मिळाला. सार्वत्रिक सेवा निधी हे तिचे जुने नाव, २०२३ च्या दूरसंचार कायद्याने ती 'डिजिटल भारत निधी' झाली. कंपन्यांचा महसूल तुमच्या-आमच्या रिचार्जमधूनच येतो. ऊसतोड मजूर आपल्या फोनमध्ये पैसे भरतो तेव्हा त्याचाही वाटा त्या निधीत पडतो. तेव्हा वस्तीला जोडणी मागणे म्हणजे खैरात मागणे नव्हे, आपण भरलेल्या पैशाचा हिशेब मागणे आहे.

नेट नसेल तर कोणी मरतो काय, असे विचारणारे शहाणे अजून भेटतात. त्यांनी गेल्या काही वर्षांत काय काय सक्तीचे झाले ते पाहावे. मागासवर्गीय विद्यार्थ्यांच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटी संकेतस्थळावर भरावा लागतो. जातीचा दाखला, पडताळणी, उत्पन्नाचा दाखला, सातबारा, सर्व काही पडद्यावर. १ जानेवारी २०२३ पासून रोजगार हमीच्या कामांवर मजुरांचे दिवसातून दोनदा छायाचित्र काढून ॲपवर चढविण्याची सक्ती झाली. रेंज नसलेल्या डोंगरात माती उपसणाऱ्या बाईने घाम गाळला, पण छायाचित्र चढले नाही, तर तिची हजेरी अडकली. कामाची साक्ष माणसाऐवजी मोबाईलचा मनोरा देऊ लागला! अंगणवाडी सेविकांना पोषणाच्या नोंदी ॲपवर करायला लावल्या, आणि दिलेले फोन इतके निकृष्ट निघाले की २०२१ मध्ये महाराष्ट्रातील सेविकांनी ते शासनाला परत करून आंदोलन केले. त्याच वर्षी १८ ते ४४ वयोगटासाठी कोरोना लसीची नोंदणी ऑनलाईन सक्तीची होती. ज्यांच्याकडे साधन नाही त्यांनी काय करायचे, हा प्रश्न तेव्हा सर्वोच्च न्यायालयाला सरकारला विचारावा लागला.

शासनाच्याच ७५ व्या राष्ट्रीय नमुना पाहणीप्रमाणे २०१७-१८ मध्ये ग्रामीण भागात १०० पैकी फक्त १५ घरांत इंटरनेटची सोय होती आणि संगणक चार-पाच घरांत. त्यानंतर स्वस्त मोबाईल डेटाने चित्र बदलले हे खरे. पण २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातही ग्रामीण पुरुषांपैकी जवळपास निम्म्यांनी, तर स्त्रियांपैकी केवळ चौथ्या हिश्श्याने कधीतरी इंटरनेट वापरले होते. घरात एकच फोन, तो बापाच्या किंवा भावाच्या खिशात, आणि मुलगी अर्ज भरण्यासाठी त्याची वाट पाहत बसलेली. ही विषमता मनोऱ्यांची संख्या वाढवून आपोआप जाणार नाही.

कायदा काय म्हणतो? जानेवारी २०२० मध्ये अनुराधा भसीन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने इंटरनेटवरून अभिव्यक्ती आणि व्यवसाय करण्याला अनुच्छेद १९ चे संरक्षण असल्याचे सांगितले. इंटरनेट मिळणे हाच मूलभूत हक्क आहे काय, यावर मात्र त्या निकालात मत दिलेले नाही. आपले काही वक्ते भाषणात ते दिल्याचे सांगतात, त्यांनी निकाल पुन्हा वाचावा. त्याआधी सप्टेंबर २०१९ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने वसतिगृहातील एका विद्यार्थिनीच्या याचिकेवर इंटरनेटचा हक्क हा शिक्षणाच्या हक्काचा भाग मानला. आणि ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिव्यांग व ॲसिडहल्ला पीडितांच्या प्रकरणात डिजिटल सेवांपर्यंत पोहोच ही अनुच्छेद २१ मधील जीवनाच्या हक्काशी निगडित असल्याचे स्पष्ट केले. त्या निकालात ग्रामीण आणि दुर्बल घटकांचाही विचार आहे. आमच्या मते यातून निघणारा युक्तिवाद सरळ आहे : शासनाने एखादा हक्क मिळविण्याचा एकच दरवाजा ठेवला आणि तो ऑनलाईन ठेवला, तर त्या दरवाजापर्यंतचा रस्ता बांधून देणे हे शासनाचे कर्तव्य ठरते. रस्ता होईपर्यंत कागदी अर्ज नाकारण्याचा अधिकार कोणत्याही कार्यालयाला नसावा.

४ ऑगस्ट ही तारीख आंबेडकरी वाचकाला ओळखीची आहे. १९२३ साली याच दिवशी मुंबई कायदेमंडळात बोले यांचा ठराव मंजूर झाला आणि सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना कागदोपत्री खुले झाले. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने तसा ठराव केला. चवदार तळे तेव्हाही 'सेवेसाठी सज्ज'च होते! ओंजळीत पाणी यायला २० मार्च १९२७ उजाडावा लागला, आणि न्यायालयात हक्क कायम व्हायला १९३७. बरोबर शंभर वर्षांनी त्याच तारखेला भारतनेटचा नवा ठराव झाला हा केवळ योगायोग आहे, पण ठराव आणि ओंजळ यांतील अंतर मोजण्याची शिस्त आपल्याला त्या लढ्याने दिली आहे.

उपग्रहाचे नवे स्वप्नही आता दाखवले जात आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र शासनाने स्टारलिंक कंपनीशी इरादापत्र केले आणि त्यात गडचिरोली, नंदुरबार, वाशीम, धाराशिव हे जिल्हे घेतले. दुर्गम पाड्यांना त्याचा लाभ होणार असेल तर विरोधाचे कारण नाही. पण त्या निमित्ताने जमिनीत पुरलेल्या फायबरचा विसर पडू देता कामा नये.

कार्यकर्त्यांच्या हातात काही गोष्टी आजही आहेत. डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेल्या पीएम-वाणी योजनेत सार्वजनिक वायफाय केंद्र चालवायला परवाना लागत नाही, नोंदणी शुल्क लागत नाही. किराणा दुकानदार ते चालवू शकतो, तर समाजमंदिरातली, विहारातली अभ्यासिका का चालवू शकणार नाही? जयंतीच्या वर्गणीतून डीजेवर जाणारा पैसा त्याकडे वळला, तर स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी पोरे रेंजसाठी टेकडीवर जाऊन बसणार नाहीत.

दुसरे काम ग्रामसभेत करायचे आहे. येत्या ग्रामसभेत लेखी विचारावे, आणि उत्तर मिळाले नाही तर माहितीच्या अधिकारात अर्ज टाकावा : आपल्या ग्रामपंचायतीत भारतनेटची पेटी कोणत्या तारखेला बसली, गेल्या सहा महिन्यांत ती किती दिवस चालू होती, बिघाडाची तक्रार कोणी केव्हा नोंदवली, गावात घरगुती फायबर जोडण्या किती झाल्या, आणि त्यापैकी वस्तीत किती. शेवटचा प्रश्न वगळू नये, आणि त्याचे उत्तर आकड्यात मागावे.