धुक्यातली धावपट्टी

डिसेंबर उजाडला की दिल्लीला जाणाऱ्यांना धुक्याची धास्ती लागते. समोरचा खांब दिसत नाही, तिथे विमान उतरतं कसं? एरवी उतरण्यासाठी धावपट्टीवर निदान 550 मीटरपर्यंतचं दिसावं लागतं. ‘कॅट-थ्री बी’ यंत्रणेत 50 मीटरही पुरतात. धावपट्टीलगतच्या अँटेनांकडून येणाऱ्या रेडिओलहरी धरून ऑटोपायलटच चाकं टेकवतो.

म्हणून वैमानिक काही हातावर हात ठेवून बसत नाही. सिम्युलेटरमध्ये त्याच्यापुढची काच पांढरीफटक करतात. यंत्राचा आवाज उंची मोजत खाली येऊ लागतो आणि नेमका तेव्हाच प्रशिक्षक एक ऑटोपायलट बंद पाडतो. उतरायचं की पुन्हा वर उठायचं? विचार करायला उसंत नसते, हात आधीच थ्रस्ट लिव्हरवर असावा लागतो. वर उठण्यात कमीपणा नाही, हे अंगवळणी पडेपर्यंत ही तालीम चालते, आणि ठरावीक काळाने पुन्हा होते.

या तालमीचा खर्च वर्षातल्या मोजक्या आठवड्यांसाठी, हे खरं. पण धुकं काही अवचित येणारा पाहुणा नाही. तरीही डिसेंबर 2023 मध्ये धुक्याच्या दिवसांत दिल्लीच्या विमानांवर असं प्रशिक्षण घेतलेले वैमानिक नेमले नव्हते, म्हणून नागरी विमान वाहतुकीची नियामक संस्था असलेल्या डीजीसीएने दोन विमान कंपन्यांना प्रत्येकी 30 लाखांचा दंड ठोठावला. प्रवासी मात्र भलत्याच विमानतळावर ताटकळले. विमान सज्ज, धावपट्टी सज्ज आणि वेळापत्रकात योग्य माणूस नाही, ही हेळसांड आम्हाला अक्षम्य वाटते.