तेऱ्याची भाजी खाऊ, पण पाणी पाहून

पावसाळ्यात महाड-पोलादपूरच्या ओढ्याकाठी तेरं, म्हणजे रानअळू, उगवतं. आमच्या आज्या चिंच किंवा आमसूल घालून ते पुरतं शिजवत. कच्चं राहिलं तर घसा खाजतो. पानांत अ जीवनसत्त्व आणि फोलेट असतं. मुतखडा असलेल्यांनी मात्र टाळावं. अंगात रक्त कमी असेल तर नुसत्या भाजीवर राहू नये; सरकारी दवाखान्यात लोहाच्या गोळ्या मोफत मिळतात.

गरिबाची भाजी म्हणून लाज कसली? पण गटाराकाठचं, कारखान्याच्या सांडपाण्यावरचं तेरं खुडू नका.

२० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब चवदार तळ्याचं पाणी प्याले. ओढा स्वच्छ राहणं हाही आम्ही त्याच हक्काचा भाग मानतो. ग्रामसभेत तसं ठामपणे मांडू या.

जय भीम!