नेमणूकपत्राची प्रतिष्ठा

आमच्या महाविद्यालयातून वाणिज्य शाखेची पदवी घेतलेला एक विद्यार्थी मध्यंतरी भेटावयास आला. औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात त्याला नोकरी लागली होती. मोठ्या आनंदाने त्याने खिशातील चार घड्यांचा कागद पुढे केला. कागद दोन पानी व इंग्रजी होता. वार्षिक वेतनाचा ठळक आकडा त्यात होता. दरमहा हाती किती पडणार, हे नव्हते. मालकाने भरावयाचा भविष्य निर्वाह निधीचा हिस्सा आणि उपदानाची तरतूद यांचीही बेरीज त्या आकड्यात केलेली होती. साप्ताहिक सुट्टीचा उल्लेख नव्हता. मुलाने नोकरी सोडावयाची झाल्यास तीन महिन्यांची पूर्वसूचना द्यावी, मालकाला मात्र चोवीस तास पुरेसे, अशी तरतूद होती. आणि अखेरीस मूळ गुणपत्रिका कार्यालयात जमा कराव्यात, अशी सूचना होती. ‘सर, सही करू ना?’ एवढाच त्याचा प्रश्न होता. पाथर्डी तालुक्यात घरची दोन एकर कोरडवाहू जमीन. तो सही करणार, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होते.

नेमणूकपत्र म्हणजे मालकाने केलेली कृपा नव्हे. १८७२ च्या भारतीय करार कायद्यानुसार एकाने प्रस्ताव मांडावयाचा, दुसऱ्याने तो स्वीकारावयाचा, आणि मग दोघेही त्याने बांधले जावयाचे. त्याच कायद्याचे २७ वे कलम उपजीविकेस प्रतिबंध करणारा करार निरर्थक ठरविते. म्हणून नोकरी सोडल्यानंतर अन्यत्र तेच काम करू नये, ही छापील धमकी पुष्कळदा शाईपुरतीच असते. परंतु हे बावीस वर्षांच्या मुलाला कोण सांगणार?

करारांच्या अर्थशास्त्रासाठी ऑलिव्हर हार्ट आणि बेंग्ट होल्मस्ट्रॉम यांना २०१६ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. हार्ट यांच्या विवेचनाचा गाभा असा की, कोणताही करार भविष्यातील सर्व शक्यता लिहून ठेवू शकत नाही. आणि जे लिहिले गेले नाही, त्याचा निर्णय ज्याच्या हाती मालमत्ता आहे त्याच्याकडे जातो. आमच्या जिल्ह्यातील नोकरदाराला हा सिद्धांत अनुभवाने पाठ आहे. कागदावरील प्रत्येक मोकळी जागा बलवानाच्या बाजूने भरली जाते.

यावर कायद्याने उपाय योजिला आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता अमलात आल्या. त्यांपैकी व्यावसायिक सुरक्षाविषयक २०२० च्या संहितेच्या सहाव्या कलमाने प्रत्येक कर्मचाऱ्यास नेमणूकपत्र देणे मालकावर बंधनकारक केले. ज्या जुन्या कर्मचाऱ्यांजवळ ते नाही, त्यांनाही तीन महिन्यांच्या आत ते द्यावयाचे आहे. ही सुधारणा स्वागतार्ह आहे, यात शंका नाही. तथापि तेथे आस्थापनेची सर्वसाधारण व्याख्या दहा किंवा अधिक कामगारांची आहे. बाजारपेठेतील दुकाने, छोट्या कार्यशाळा, चार-पाच माणसांवर चालणाऱ्या कचेऱ्या यांतील माणूस बहुधा उंबऱ्याबाहेरच राहणार.

त्याहूनही दूर आहे तो ऊसतोड मजूर. दिवाळीच्या सुमारास पाथर्डी-शेवगावकडील वस्त्या रिकाम्या होऊ लागतात. नवराबायको मिळून एक ‘कोयता’ गणला जातो, आणि मुकादमाकडून घेतलेली ‘उचल’ हीच त्यांची नेमणूक. पत्र नाही, आणि जो काही कागद होतो, तो मजुराच्या हक्कांचा नसून त्याच्या देण्याचा असतो. विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांनी १९५० मध्ये ज्या जिल्ह्यात प्रवरेचा सहकारी साखर कारखाना उभा करून दाखविला, त्या जिल्ह्याने उत्पादकाला मालक केले; तोडणाऱ्याला साधा कर्मचारीही केले नाही, ही उणीव आपण मान्य केली पाहिजे. आम्ही प्राध्यापकांनीही फार बोटे दाखवू नयेत. तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षे शिकविणारे सहकारी आमच्याच शेजारच्या वर्गात उभे असतात.

लहान उद्योजक म्हणतात, लिहून दिले की हात बांधले जातात. ही भीती अगदीच अनाठायी नाही. मंदीचा फटका त्यांनाही बसतो. परंतु लिहून न दिल्याने तंटा टळत नाही, तो केवळ तोंडी होतो, आणि त्यात वेळ व पैसा दोघांचाही जातो. शिवाय ज्याला आपले उद्या ठाऊक नाही, तो मन लावून काम शिकत नाही. संधी मिळताच चाकण किंवा रांजणगावची वाट धरतो. त्याला शिकविण्याचा खर्च मालकाच्याच माथी पडतो.

चांगल्या नेमणूकपत्रास एक पान पुरते. पद व कामाचे ठिकाण, वेतनाचे घटक, कपाती आणि प्रत्यक्ष हाती पडणारी रक्कम, वेतनाची तारीख, कामाचे तास व साप्ताहिक सुट्टी, परिवीक्षेचा काळ व त्यानंतर काय, निर्वाह निधी व विमा, आणि दोन्ही बाजूंना सारखी पूर्वसूचना. हे सारे मराठीत, आणि सहीपूर्वी दोन दिवस वाचावयास वेळ देऊन. मूळ प्रमाणपत्रे मात्र कोणीही ठेवून घेऊ नयेत. गहाण वस्तू ठेवतात, माणसाचे शिक्षण नव्हे.

त्या विद्यार्थ्याने आम्ही मिळून लिहिलेले तीन प्रश्न नम्रपणे कार्यालयात विचारले. पूर्वसूचना दोघांनाही एक महिन्याची झाली; गुणपत्रिकांच्या साक्षांकित प्रती चालल्या. इंग्रजी तशीच राहिली. कोणी त्याच्यावर रागावले नाही. यापूर्वी कोणी विचारलेच नव्हते, असे त्याला सांगण्यात आले. मालकांनी लिहावयास शिकावे, हे खरेच. पण पदवी देणाऱ्या आम्ही मुलांना सहीपूर्वी वाचावयास आणि विचारावयास शिकविले आहे काय, याचे उत्तर आम्हालाच द्यावयाचे आहे.