हे चोचले नव्हेत

मागच्या आठवड्यात एक ताई आपल्या यजमानांसह दवाखान्याची फाईल घेऊन घरी आल्या. एटापल्लीत कागद वाचून घ्यायचा झाला की कारकुनाचे दार वाजते. कर्करोगामुळे ताईंचा एक स्तन काढला होता. पुढे पोटाची कातडी व चरबी घेऊन नवा उभारही केला. आता त्यावर बोंडी करण्यासाठी डॉक्टरांनी पुन्हा बोलावले होते.

यजमान म्हणाले, "भाऊ, जीव वाचला ना? आता हे चोचले कायले?"

त्यांची अडचण खोटी नाही. एटापल्ली, आलापल्ली, मग नागपूर; एका फेरीत दोन दिवसांची रोजी बुडते. पण चोचले हा शब्द मला खटकला. अमेरिकेत 1998 साली कायदा झाला. स्तन काढण्याचा खर्च देणाऱ्या विमा कंपनीने तो पुन्हा घडविण्याचाही खर्च द्यावा, असे त्यात आहे. म्हणजे तो उपचाराचाच भाग ठरला.

काम तसे लहान आहे. उभार स्थिरावल्यावर, साधारण तीन-चार महिन्यांनी, बहुधा जागा बधिर करूनच करतात. तिथल्याच कातडीचा छोटा तुकडा उचलून दुमडतात व टाके घालतात. काही महिन्यांत तो बराच बसतो, म्हणून मुद्दाम मोठा ठेवतात. पाहून घाबरू नये. त्यातून दूध येत नाही, पूर्वीसारखी जाणीवही नसते. भोवतालचा काळसर गोल नंतर सुईने रंग भरून करतात. म्हणजे गोंदणच! आमच्याकडच्या माडिया आयाबायांना हे वेगळे समजवावे लागत नाही. काही जणी टाके टाळून नुसते गोंदणच करून घेतात. रंग वर्षांनी फिका होतो, पुन्हा भरता येतो. मात्र हे काम रुग्णालयातच करावे, जत्रेतल्या सुईने नव्हे.

आणि खर्रा! तंबाखूने रक्तवाहिन्या आकसतात. उचललेल्या कातडीला रक्त पुरले नाही तर ती काळी पडून गळते. काही आठवडे आधीपासून बंद म्हणजे बंद. किरणोपचार झालेले असल्यास जखम भरायला उशीर लागतो, तेही डॉक्टरांना आठवणीने सांगावे.

खर्चाचे म्हणाल, तर 2012 मध्ये राजीव गांधी जीवनदायी योजना ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम सुरू झाली, त्यात आपला गडचिरोली होता. आता ती महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालते. रेशनकार्ड व आधार घेऊन रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटावे आणि ही दुसरी शस्त्रक्रिया योजनेत बसते का, हे भरती होण्याआधीच विचारावे.

हे सारे यजमानांना सांगत होतो, तोवर ताई आत माझ्या पत्नीजवळ बसल्या होत्या. आंघोळ करताना खाली पाहावेसे वाटत नाही, एवढेच त्या म्हणाल्या. (हे त्यांना विचारूनच लिहितो आहे.) ज्या बाईला असे वाटत नाही, तिने नाही केले तरी काही बिघडत नाही. पण ते ठरवायचे तिने.

यजमान बराच वेळ फाईल चाळत राहिले. मग म्हणाले, "धान कापून होऊ द्या, मग जातो."

ताईंनी आतून विचारले, "आणि खर्रा?"