बोरिवलीहून पाच स्टेशने

हॉटेलात जेवून शहर कळत नाही, हे फिरणाऱ्या माणसांना आता उमगले आहे. म्हणून परक्या गावी गेले की कुणाच्या तरी घरी जेवायचे आणि मग त्या घरच्याच माणसासोबत त्याची गल्ली, बाजार पायी बघायचे, अशी रीत पडते आहे. मुंबईत याचे नाव झाले ते एका बोहरी घरामुळे. 2014 साली कुलाब्यात मुनाफ कपाडिया यांनी आपल्या अम्मीच्या, नफीसाबाईंच्या हातचे जेवण अनोळखी लोकांना पैसे घेऊन वाढायला सुरुवात केली. एका मोठ्या थाळाभोवती सगळ्यांनी बसायचे, चिमूटभर मीठ चाखून आरंभ करायचा, मग गोड, मग तिखट. पुढे मुनाफभाईंनी गूगलमधली नोकरीही सोडली.

उपनगरांत एवढा गाजावाजा नाही. पण जोगेश्वरी पश्चिमेच्या एका कोकणी कुटुंबाने गेल्या हिवाळ्यात मुलीच्या ऑफिसातल्या दोन मैत्रिणींना जेवायला बोलावले, तेव्हा आम्हीही होतो. एक मुलुंडची, एक बोरिवलीची. बोरिवलीची मुलगी मंगोलियाला जाऊन आलेली. उलानबातरला एका घरी तिने मटण भरलेले, वाफेवर शिजवलेले बूझ खाल्ले होते, मीठ घातलेला दुधाचा चहा प्यायली होती. तिथे वाटी उजव्या हातानेच घ्यायची, हे तिला घरच्या आजीने शिकवले. सगळे ती इतक्या मायेने सांगत होती की खालाही हातातले काम थांबवून ऐकत राहिल्या. मग ती म्हणाली, "मुसलमानाच्या घरी मात्र मी आज पहिल्यांदा जेवते आहे."

उलानबातर कुठे आणि जोगेश्वरी कुठे! बोरिवलीहून पाच स्टेशने.

जेवणात सांदणे होती. तांदळाचे वाटण नारळाच्या दुधात आंबवून वाट्यांत वाफवतात, ती. सोबत तांदळाच्या भाकऱ्या, कोलंबीचे कालवण, कोकमाचे सार. कोलंबी सकाळीच वर्सोव्याहून आणलेली. मुलुंडची मुलगी शाकाहारी. तिच्यासाठी वालाच्या उसळीचे पातेले वेगळे, पळी वेगळी, आणि ते कुणाला सांगावे लागले नव्हते. "बूझ पण अशाच वाफवतात," बोरिवलीची म्हणाली. "मग शिकवून जा," खाला म्हणाल्या.

जेवता जेवता तिने सहज विचारले, "तुम्ही आमच्या बाजूला का नाही घर बघत? मोठे मिळेल."

"बघितले होते," घरची मुलगी म्हणाली. "दोन ठिकाणी. एजंटने आडनाव विचारले आणि मग सांगितले, सोसायटीत मच्छी-मटण चालत नाही."

कुणी काही बोलले नाही. खालांनी तिच्या ताटात आणखी एक सांदण ठेवले. बोरिवलीच्या मुलीची मान खाली होती. मग ती हळूच म्हणाली की मच्छी तिच्या इमारतीतही शिजते, तिच्याच घरी शिजते. आम्हाला वाटते, नकार कालवणाच्या वासाला नसतो, हे तिला त्या ताटावर जेवढे कळले तेवढे कुठल्या चर्चेत कळले नसते.

दुपारनंतर सगळे पायी निघालो. स्टेशन ओलांडून पूर्वेला जोगेश्वरीची लेणी. सहाव्या शतकातली, खडकात खोदलेली, आत शिवाचे देऊळ, आणि चहूबाजूंनी घरे इतकी जवळ आलेली की लेण्यांच्या डोक्यावरच संसार चालले आहेत. 1992-93 च्या दंगलीत जोगेश्वरीचे नाव देशभर गेले आणि अजूनही बाहेरच्यांना तेच आठवते. इथल्या लोकांना शाळेच्या सहलीपेक्षा जवळची ही लेणी आठवतात; लहानपणी घरची मुलगी इथेच लपाछपी खेळली.

तिथून रिक्षाने अंधेरीचा गिल्बर्ट हिल. साधारण 200 फूट उंच, काळ्या बेसॉल्टचा सुळका, वय सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षे. वर गावदेवीचे देऊळ, खाली दाटीवाटीची वस्ती. पायऱ्या चढताना मुलुंडची मुलगी दमली, तिची पिशवी खालांच्या धाकट्याने घेतली. वरून अर्धी अंधेरी दिसते. कोणती इमारत कुणाची, ते एवढ्या उंचीवरून ओळखता येत नाही म्हणा.

परतताना पैशांचा विषय निघाला. मुलीच्या डोक्यात आहे की महिन्यातून दोन रविवार असे पाहुणे घ्यावेत, जेवण आणि फेरी मिळून ठरलेली रक्कम ठेवावी. खालांना पटत नाही. मेहमानाकडून पैसे कसले घ्यायचे? आमचे मत मुलीच्या बाजूने आहे. बोलावलेला पाहुणा वेगळा आणि ठरवून, पैसे देऊन येणारा वेगळा. पहाटे नारळ खवणे, वाटण करणे, एवढ्या माणसांच्या भाकऱ्या थापणे हे श्रम आहेत, आणि कोलंबीवाली काही मेहमाननवाजीच्या भावात देत नाही. मात्र अन्नसुरक्षेची सरकारी नोंदणी आधी करावी, अनोळखी माणसाशी आधी फोनवर नीट बोलून घ्यावे, आणि घरातल्या पुरुषांनी त्या दिवशी भांडी घासावीत. ही शेवटची अट खालांना लगेच पसंत पडली.