विहीणबाई निघाल्या अंटार्क्टिकाला

गेल्या महिन्याच्या भिशीत एका मैत्रिणीने बातमी फोडली. "आमच्या विहीणबाई अंटार्क्टिकाला चालल्यात!" हातातल्या पोह्यांच्या बश्या तशाच राहिल्या. काशी झाली, चारधाम झालं, सिंगापूरला तर आता आमच्या गल्लीतूनही लोक जाऊन येतात. पण अंटार्क्टिका? तिथे बघायचं काय, खायचं काय, साडी कशी नेसणार, प्रश्नांची नुसती फैर झडली. शेवटी एकजण म्हणाली, "आमच्याकडे खड्याच्या गौरी असतात. त्यांना म्हणावं, माझ्यासाठी तिथून एक खडा आणा." सगळ्या हसलो. मीही हसले. घरी आल्यावर मात्र तो खडा काही डोक्यातून जाईना, म्हणून वाचायला बसले.

मैत्रिणींनो, विहीणबाई एकट्या नाहीत, बरं का. २०२३-२४ च्या हंगामात एक लाख वीस हजारांहून जास्त पर्यटक तिकडे जाऊन आले. १९९० च्या सुमारास हा आकडा वर्षाला दहा हजारांच्याही आत होता. भारताच्या चौपट मोठा खंड, मग लाखभर माणसांनी काय बिघडतं? मलाही तसंच वाटलं होतं. पण या खंडावर बर्फ नसलेली जमीन एक टक्कासुद्धा नाही. बहुतेक बोटी अर्जेंटिनातून सुटतात आणि जवळच्या त्याच त्या किनाऱ्यांवर माणसं उतरवतात. आणि पेंग्विनांचीही पिल्लं काढण्याची जागा तीच, महिने तेच. अॅडेली आणि जेंटू जातीचे पेंग्विन खडे गोळा करून घरटं बांधतात. एकमेकांचे खडे पळवतातसुद्धा, इतकी त्यांची टंचाई! आणि आम्ही तिथून खडा मागवत होतो.

हा खंड कुणाच्या मालकीचा? सात देशांनी त्याच्या तुकड्यांवर हक्क सांगितला होता. पण १९५९ मध्ये बारा देशांनी करार केला की हक्काची भांडणं बाजूला ठेवायची, लष्कर आणायचं नाही, इथे फक्त विज्ञान. अमेरिका आणि रशिया तेव्हा एकमेकांकडे डोळे वटारून बघत होते, तरी दोघांनी सही केली, याचं मला खरंच नवल वाटतं. भारत या करारात १९८३ मध्ये आला. पुढे १९९१ मध्ये माद्रिदला पर्यावरणाचा वेगळा मसुदा झाला आणि तो १९९८ पासून लागू आहे. त्यानुसार तिथे खाणी खोदायला बंदी आहे. कचरा आपापला परत न्यायचा. इतकंच काय, गाड्या ओढणारे कुत्रेसुद्धा १९९४ पर्यंत तिथून बाहेर काढले, त्यांचे रोग सीलना लागू नयेत म्हणून. २०४८ मध्ये खाणबंदी संपणार असं अनेकदा छापून येतं, ते बरोबर नाही. त्या वर्षापासून फेरविचाराची मागणी करता येईल, एवढंच. पण मागणी करणारे टपून बसलेले नसतील, असं कोण म्हणेल?

आपल्या बायका तिथे पोचल्या त्या १९८३-८४ च्या तिसऱ्या मोहिमेत. एक भूशास्त्रज्ञ सुदीप्ता सेनगुप्ता आणि दुसऱ्या आपल्या नागपूरच्या अदिती पंत, गोव्याच्या समुद्रविज्ञान संस्थेत काम करणाऱ्या. त्याच मोहिमेत 'दक्षिण गंगोत्री' हे भारताचं पहिलं ठाणं उभं राहिलं. पुढे ते बर्फात गाडलं गेलं आणि १९९० मध्ये सोडून द्यावं लागलं.

अदितीताईंचा विषय होता समुद्रातल्या सूक्ष्म वनस्पतींचा, डोळ्यांना न दिसणाऱ्या. या वनस्पती खातो क्रिल, म्हणजे सुकटीतल्या जवळ्यासारखा बोटभर जीव. आणि क्रिल खातात पेंग्विन, सील आणि देवमासे. आता या पंगतीत माणूसही बसलाय. दुकानात ओमेगा-३ च्या महाग गोळ्या मिळतात ना, त्यांतल्या काही क्रिलच्या तेलाच्या असतात. बराचसा क्रिल तर पाळीव माशांना खायला घालतात. वर्षाला ६ लाख २० हजार टनांची मर्यादा आहे. २०२५ मध्ये ती हंगाम संपायच्या आतच गाठली गेली आणि मासेमारी थांबवावी लागली. पूर्वी ही मर्यादा वेगवेगळ्या भागांत वाटून दिलेली असे. तो नियम २०२४ मध्ये संपला, नव्यावर एकमत झालं नाही, आणि बोटींनी एकाच भागात गर्दी केली.

'एकमत' हीच तिथली गोम आहे. एकाही सदस्य देशाने नको म्हटलं की विषय तिथेच अडतो. सोसायटीच्या मीटिंगला बसलेल्या कुणालाही हे वेगळं सांगायला नको. एम्परर पेंग्विनचंच बघा. ऐन काळोख्या हिवाळ्यात बाबा दोन महिने उपाशी उभा राहून पायांवर अंडं सांभाळतो. (आमच्याकडे दहा मिनिटं दूध सांभाळ म्हटलं तर उतू जातं!) पिल्लं वाढतात समुद्रावर गोठलेल्या बर्फावर. २०२२ मध्ये बेलिंग्सहाउझेन समुद्रातला तो बर्फ लवकर फुटला. पाचांपैकी चार वसाहतींमधली पिल्लं वाचली नसावीत, असं उपग्रहाच्या चित्रांवरून शास्त्रज्ञ सांगतात, कारण तोवर त्यांना पाण्यात तगणारी पिसंच आलेली नव्हती. त्याच वर्षी या पक्ष्याला विशेष संरक्षण द्यावं असा प्रस्ताव बर्लिनच्या बैठकीत आला होता. चीनने तो अडवला.

पर्यटनाचंही तसंच. एका वेळी शंभरच माणसं किनाऱ्यावर, पाचशेपेक्षा जास्त प्रवाशांच्या बोटीने कुणाला उतरवायचंच नाही, असे नियम आहेत. पण एका हंगामात एकूण किती जणांनी जायचं, याला मर्यादाच नाही. मे २०२४ मध्ये करारातल्या देशांची बैठक आपल्या कोचीला झाली. पर्यटनासाठी पक्की चौकट हवी यावर तिथे काम सुरू झालं, २०२५ मध्ये मिलानला बोलणी पुढे सरकली. आकडा मात्र अजून ठरलेला नाही. माझ्या मते तो ठरायला हवा आणि लवकर ठरायला हवा. तिकिटाचे पैसे मोजलेत म्हणून कुणाचा तिथे हक्क लागत नाही.

मग विहीणबाईंनी जाऊ नये का? खरं सांगू, हे लिहितानाच मला त्यांचा हेवा वाटतोय. जन्मभर स्वयंपाक आणि शाळेची नोकरी केलेली बाई साठीनंतर पृथ्वीच्या टोकाला निघालीय, तिला अडवणारी मी कोण? परवा मैत्रिणीच्या घरी त्यांची गाठ पडली. बुटांचे तळ घासून धुवायचे, कोटाच्या खिशांतलं आणि शिवणींतलं गवताचं बीसुद्धा काढायचं, खाऊ बोटीवरच ठेवायचा, पेंग्विनपासून पाच मीटर लांब राहायचं, अशी यादी त्यांना आलेली आहे. २०२४ मध्ये बर्ड फ्लू त्या खंडावर पोचला, त्यामुळे खाली बसायलाही मनाई.

"आणि तो खडा?" मैत्रिणीने विचारलं.

"अगं, उचलू देत नाहीत म्हणे," विहीणबाई म्हणाल्या, "मी बोटीवर चढायच्या आधीच्या गावातून आणते. तिथला चालेल का, विचार तिला."