डोक्यातली हवा आणि कथेतलं पाणी

मालिकेतला ओळखीचा चेहरा एका रात्रीत बदलला की प्रेक्षकांचा निकाल ठरलेला असतो: डोक्यात हवा गेली असणार! दुसरा पक्ष नटाची कड घेतो. वर्षानुवर्षं तेच ते करून माणूस कंटाळणारच, असं त्याचं म्हणणं. पहिला निकाल कठोर, दुसरा कनवाळू. पण चूक दोघांचीही एकच. दोघंही कारण नटाच्या स्वभावात शोधतात. ते दैनंदिन मालिकेच्या रचनेत आहे.

आधी कंटाळ्याचं बघू. एकच भूमिका पुन्हा पुन्हा करून नट पळून जात असते, तर मराठी रंगभूमी केव्हाच ओस पडली असती. 1980 साली आलेल्या ‘वस्त्रहरण’मधला तात्या सरपंच मच्छिंद्र कांबळी वर्षानुवर्षं रंगवत राहिले; 2002 सालचं ‘सही रे सही’ दोन दशकं उलटल्यावरही भरत जाधव करत होते. नाटकातलं पात्र दर प्रयोगात शेवटापर्यंत पोहोचतं. पहिल्या प्रवेशातच नटाला शेवटचा प्रवेश ठाऊक असतो आणि त्या हिशेबाने तो भूमिका बांधतो. मालिकेत दर गुरुवारी टीआरपी येतो आणि कथानक त्यानुसार वळतं. कालपर्यंत शहाणी असलेली सून आज कुणाच्याही थापेला भुलते, कारण कथेत पाणी घालायचं तर कुणीतरी मूर्ख व्हायलाच हवं. सीन कित्येकदा सेटवरच हातात पडतो. मेकअप चालू असताना पाठांतर, लगेच शॉट, आणि अशी शिफ्ट बारा-बारा तासांची. यात भूमिका नुसती लांबते, वाढत नाही.

आता हवेचा आरोप. हिना खानने ‘ये रिश्ता क्या कहलाता है’मधली अक्षरा 2009 पासून साकारली आणि 2016 मध्ये मालिका सोडली. पुढच्याच वर्षी ती ‘खतरों के खिलाड़ी’ आणि ‘बिग बॉस’मध्ये दिसली. म्हणजे छोटा पडदा तिला कमी वाटला नव्हता. फक्त या दोन्ही कार्यक्रमांना शेवट होता. ‘माझ्या नवऱ्याची बायको’मधली शनाया साकारणारी रसिका सुनील 2018 मध्ये शिक्षणासाठी अमेरिकेला गेली आणि 2020 मध्ये त्याच भूमिकेत परतली. डोक्यात हवा गेलेला माणूस त्याच दाराशी परत येत नाही. ‘तारक मेहता का उल्टा चष्मा’मधली दया, म्हणजे दिशा वकानी, 2017 मध्ये बाळंतपणाच्या रजेवर गेली ती परतली नाही. नवं काम, शिक्षण, मातृत्व ही सगळी चारचौघांच्या आयुष्यातली कारणं आहेत. इतर नोकरीत त्यांच्यासाठी रजा मिळू शकते. पण रोज चेहरा मागणाऱ्या मालिकेत लांबलेली रजा आणि राजीनामा यांत फारसा फरक उरत नाही.

यावर कुणी म्हणेल, एकाच्या जाण्याने शंभर जणांच्या पोटावर पाय येतो, त्याचं काय? अनुभव वेगळा आहे. दयाविना ‘तारक मेहता’ वर्षानुवर्षं चालली. ‘क्योंकि सास भी कभी बहू थी’मधला मिहीर तर तीन नटांनी साकारला. दुसरा आक्षेप अधिक वजनदार: रचनाच दोषी असेल तर ‘तारक मेहता’त दिलीप जोशी 2008 पासून जेठालाल कसे राहिले? ब्रिटनच्या ‘कोरोनेशन स्ट्रीट’मध्ये विल्यम रोच 1960 पासून केन बार्लो कसे साकारत आले? उत्तर पुन्हा रचनेतच सापडतं. दोन्हींचा डोलारा एका चेहऱ्यावर उभा नाही, तो वस्तीवर उभा आहे. आज एका घराची कथा, उद्या दुसऱ्याची. ‘तारक मेहता’त तर एकेक प्रकरण थोड्याच भागांत आटोपतंही. म्हणजे ही उदाहरणं मुद्दा खोडत नाहीत, उलट पक्का करतात.

तेव्हा उपाय नटाला कृतघ्न ठरवण्यात नाही, की करार आणखी आवळण्यातही नाही. दूरदर्शनवर 1988 ते 1990 दरम्यान गाजलेलं ‘महाभारत’ 94 भागांत संपलं, कारण लोकप्रियतेच्या शिखरावर असतानाही त्याच्या कथेला शेवट होता. आजच्या वाहिन्यांनी सुरुवातीलाच भागांची मर्यादा ठरवावी. मालिका चाललीच, तर नव्या कथेनिशी नवा करार करावा. नटाला कुठवर जायचं ते कळेल आणि लेखकाला पात्राचा बळी द्यावा लागणार नाही. वाहिनी पूर्णविराम देत नाही तोवर नट तो स्वतःच देत राहणार, आणि तो त्याचा हक्कच आहे.